गहाणे सरांची शिफारस

गहाणे सरांकडे शिफारसपत्र मागायला जाऊ नकोस, असं मला तीन जणांनी बजावलं होतं. तिघंही सरांचेच विद्यार्थी. त्यांतला एक आता साकोलीत मोबाइलचं दुकान चालवतो. तो तर हात जोडून म्हणाला, "दुसरं कोनी पाह्य ना वो. सर खरं लिहितात."

माझी अडचण अशी होती की दुसरं कोणी उरलंच नव्हतं. साकोलीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. केलं त्याला सात वर्षं झाली होती. पुढं नागपूरला एम.एस्सी. केलं, आणि मग गोसीखुर्दच्या जलाशयावर एका संस्थेच्या प्रकल्पात मासे मोजायची नोकरी धरली. आम्ही एकोडीचे, जातीनं ढिवर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरतात, पण ते नुसते मोजून परत पाण्यात सोडायला कोणी माणूस ठेवतं, हे माझ्या बाबांना अजून पटलेलं नाही. तो प्रकल्प आता संपत आला होता. परदेशातल्या एका विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या माशांवर पुढचं शिकायला पूर्ण शिष्यवृत्तीच्या दोन जागा होत्या. त्यांतली एक मिळाली तर मिळाली, नाहीतर आईनं लाखनीचा एक मुलगा पाहून ठेवलाच होता. मुलगा चांगला होता हो, पण त्याच्या घराजवळ तलावसुद्धा नव्हता.

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागत होती. कॉलेज सोडल्यावर शिफारसपत्र मागणं म्हणजे काय, ते ज्यानं मागितलं त्यालाच कळतं. आपण त्यांना विसरलेलो नसतो, पण त्यांच्या वर्गातून आपल्यानंतर सातशे पोरं गेलेली असतात. फोनवर आधी आपली ओळख पटवायची, मग "अरे वा, खूप प्रगती केलीस" ऐकायचं, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, "तूच लिहून आण, मी सही करतो."

आमच्याकडची ही रीतच आहे, आणि तिला कोणी खोटेपणा म्हणत नाही, मदत म्हणतात. माझ्या नागपूरच्या मार्गदर्शकांनी अशीच मदत केली. मी स्वतःला "असामान्य बुद्धिमत्तेची संशोधक" म्हटलं, लिहिताना कानशिलं तापली, पण लिहिलं. त्यांनी पत्र वाचून एकच दुरुस्ती केली, ती स्वतःच्या हुद्द्यात. दुसरं पत्र आमच्या संस्थेच्या साहेबांचं. ते त्यांनी स्वतः लिहिलं, म्हणजे आधीच्या एका सहकाऱ्याचं होतं त्यात माझं नाव घातलं. तिसऱ्या परिच्छेदात मी पुरुष राहिले होते, ते मी विनंती करून बदलून घेतलं. तिसरं पत्र पदवीच्या शिक्षकाचंच हवं होतं. कॉलेजातले बाकीचे शिक्षक तासिका तत्त्वावरचे. कोण कुठल्या गावाला गेलं, पत्ता नाही. राहिले निवृत्त गहाणे सर.

सर दिसायला किडकिडीत, पांढरा शर्ट नेहमी बाहेर सोडलेला, खिशात दोन पेनं. पोरांना ते नावानं ओळखत नसत, हजेरीच्या नंबरानं ओळखत. पोरांची लग्नं झाली, केस पिकले, तरी नंबर सुटला नाही. भर बाजारात "काय रे बावीस नंबर, भाजी कशी देल्ली?" असं ओरडायचे आणि चाळिशीचा भाजीवाला लगबगीनं उठून उभा राहायचा. मी बारा नंबर.

प्रात्यक्षिकाच्या वहीवर इतर शिक्षक "छान", "उत्तम" लिहीत. सर एकच शब्द लिहीत, "पाहिलं". खाली सही. मी पहिल्या वर्षी गांडुळाच्या आकृत्या सात नंबरच्या वहीवरून उतरवल्या होत्या. माझ्या वहीवर शेरा आला, "पाहिलं. आधी सात नंबरच्या वहीतही पाहिलं." ना रागावले, ना गुण कापले. मी मात्र तीन दिवस प्रयोगशाळेत मान वर केली नाही, आणि त्यानंतर आकृत्या स्वतःच्या काढल्या.

दाखले देण्याच्या बाबतीत तर त्यांचं नाव तालुकाभर झालं होतं. एका पुढाऱ्याच्या मुलाला चारित्र्याचा दाखला हवा होता. छापील नमुना असतो, फक्त नाव भरायचं आणि सही करायची. सरांनी छापील मजकुरावर रेघ मारली आणि वर लिहिलं, "सदर विद्यार्थी तीन वर्षांत माझ्यासमोर चार वेळा आला. चारही वेळा त्याचे वर्तन चांगले होते." पुढारी स्वतः गाडी घेऊन कॉलेजात आला, आरडाओरडा केला. सरांनी शांतपणे हजेरीपट पुढं सरकवला. "भाऊ, पाचवी वेळ सापडली तं दाखवा. वाढवून देतो." पुढाऱ्यानं खरंच पानं उलटली म्हणे. त्याच दाखल्यावर तो पोरगा पुढं एका शिक्षण संस्थेचा सचिव झाला, ही गोष्ट वेगळी.

सोयरिकी जुळवणारी माणसंही सरांकडे चौकशीला येत. आमच्याकडं मुलाची माहिती त्याच्या मास्तरला विचारतात. एकदा चौदा नंबरची चौकशी करायला मुलीकडचे आले. चहा झाला. पाहुण्यांनी विचारलं, "पोरगा कसा आहे, सर?"

"बेडूक चांगला कापत होता."

"नाई, म्हणजे सभाव कसा आहे?"

"बेडकासंगं चांगला होता."

"काही वेसन?"

"प्रयोगशाळेत तं नोतं."

पाहुणे एकमेकांकडे पाहत उठले. पण लग्न झालं. त्या वहिनी मला स्वतः म्हणाल्या, "बाकी सगळ्यायनं देवमानूस सांगतला होता वो. तवाच शंका आली होती. तुमच्या सराचं ऐकून जिवात जीव आला."

अशा माणसाच्या दारात मी अर्जाचे कागद घेऊन उभी राहिले. सरांनी ओसरीवर बसवलं, काकूंनी चहा आणला. सगळं ऐकून झाल्यावर सर म्हणाले, "बारा नंबर, तुले मी शेवटचं पाह्यलं त्याले सात वर्षं झाली. आता तू काय करते, मले काय मालूम?"

"सर, मी सांगते ना. सगळं लिहूनच आणलं."

"ते तू पाह्यलं. मी कुठी पाह्यलं?"

मी म्हटलं, सर, मुदतीला सोळा दिवस राहिले. सर म्हणाले, "सोळा दिवस खूप होतात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं ते एकोडीला येऊन उतरले. हातात छत्री, पिशवीत स्टीलचा डबा. तलावाच्या पाळीवर पळसाच्या सावलीत रुमाल अंथरून बसले, आणि मला म्हणाले, "कर."

"काय करू?"

"तिकडं रोज जे करते ते."

चार दिवस हेच चाललं. मी बाबांच्या डोंग्यातून जाळी लावायची, उचलायची, मासळी वेगळी करायची, मापं घ्यायची, वहीत टिपायची, आणि सर पाळीवरून पाहायचे. मध्येच उठून यायचे. "हे शिंगूर नर का मादी? कायवरून?" मी सांगायची. बरोबर की चूक, ते कधी बोलले नाहीत. एकदा शिंगूरचा काटा माझ्या अंगठ्यात गेला, डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, "उजव्या हाताचा आहे. लिहिता येईल ना?" शेवटी बाबांनाच राहवलं नाही. "मास्तर," ते म्हणाले, "पोरगी माह्यी मासे मोजून राह्यली, ते समजलं. तुमी तिले कायले मोजून राह्यले?"

सर पहिल्यांदा हसले. "तिनंच बोलावलं, भाऊ."

आईनं पहिल्याच दिवशी वाघूर माशाचा रस्सा रांधला होता. सरांनी हात जोडले आणि स्वतःचा डबा उघडला, त्यात भाजी-पोळी. "पत्र जाईपर्यंत तुमच्या घरचं खाल्लं तं ते पत्र राहत नाई, बाई." आईला ते लागलं. पाहुणा दारातून उपाशी गेल्यासारखंच की ते! चारही दिवस ती सरांच्या नावानं बोटं मोडत होती आणि चारही दिवस रस्सा रांधत होती.

तिसऱ्या दिवशी तीन जाळी लावली आणि तिन्ही रिकामी आली. साधा झिंगाही नाही. सरांसमोर अशी फजिती झाल्याचं मला फार वाईट वाटलं. वहीत तीन ओळींत तीन शून्यं लिहिली. सर पाळीवरून उतरून आले, वही पाहिली, परत जाऊन बसले. चौथ्या दिवशी दुपारी रुमाल झटकून म्हणाले, "झालं. लिहितो आता."

आणि नेमका तिथंच घोळ झाला. सरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख भंडाऱ्याहून आली. मुदतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सर खाटेवर बसलेले, एका डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्याचं पुढं करायचं होतं. वाचायला डॉक्टरांची मनाई. सर म्हणाले, "मी सांगतो, तू टाइप कर."

अर्जात मी आधीच एका चौकोनात खूण केली होती की हे पत्र गोपनीय आहे आणि ते पाहण्याचा हक्क मी सोडत आहे. आता तेच पत्र मीच टाइप करत होते. सरांच्या मोबाइलवर आलेली लिंक मीच माझ्या लॅपटॉपवर उघडली. पहिलाच प्रश्न होता, संस्थेचा अधिकृत इमेल पत्ता नसल्यास कारण द्या. सर म्हणाले, "लिह्य. मी निवृत्त आहे. कॉलेजनं मले ठेवलं नाई, मेल कशी ठेवल?" हे मी इंग्रजीत लिहिलं. काय करणार?

मग पत्र सुरू झालं. सर सावकाश, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट इंग्रजीत सांगत होते. मराठीत त्याचा अर्थ असा होता: "पहिल्या वर्षी या विद्यार्थिनीने आकृत्या दुसऱ्याच्या वहीतून उतरवल्या. पुन्हा तसे केलेले मी पाहिले नाही. ती उशिरा येत असे, कारण एकोडीची बस उशिरा येत असे. अलीकडे चार दिवस मी तिचे काम पाहिले. ती मासे हळुवार हाताळते. तिसऱ्या दिवशी जाळ्यात काही आले नाही, तिने शून्य लिहिले. बरेच जण शून्याच्या जागी काहीतरी लिहितात." नागपूरच्या पत्रातली ती असामान्य बुद्धिमत्ता आणि हे बस उशिरा येणं एकाच पाकिटात जाणार होतं. तरी मी शब्द न्‌ शब्द टाइप केला. सरांनी वाचून दाखवायला सांगितलं, तेही दाखवलं.

शेवटचा प्रश्न चौकोनांचा. तुम्ही शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांत ही कुठे बसते? पहिल्या एक टक्क्यात, पाच, दहा, पंचवीस, पन्नास. सरांनी ऑपरेशनच्या आधीच जुने हजेरीपट काढून दोन दिवस हिशेब करून ठेवला होता. म्हणाले, "पंचवीस. दहात नाई बसत तू. दहाच्या काठावर चार पोट्टे आहेत तुह्या पुढं."

मी सांगून पाहिलं. "सर, नागपूरचे परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारे म्हणतात, पाचच्या खाली खूण म्हणजे सरळ नकार. तिथं सगळेच एक नाहीतर पाच करतात."

"मंग त्यायनं पंचवीसचा चौकोन ठेवला कायले?"

मला राग आला. इतका राग आला की सांगता येत नाही. हा माणूस चार दिवस उन्हात बसला, कोणी करणार नाही एवढं यानं माझ्यासाठी केलं, आणि आता एका चौकोनापायी मला लाखनीला पाठवून राहिला! सर डोळे मिटून बसले होते. काकू आत होत्या. मी पाचवर खूण केली. एकवर करायची हिंमत झाली नाही. माझं खोटंसुद्धा बेताचंच.

"दाबलं?" सरांनी विचारलं.

"दाबलं, सर."

बसस्टँडपर्यंत चालत येताना मला स्वतःची किळस आली. घरी आईनं विचारलं, "झालं का पत्र?" मी म्हटलं, झालं, आणि न जेवता पडून राहिले.

अडीच महिन्यांनी निवड झाल्याचं कळलं. गावात पेढे वाटले. बाबा पाळीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरगी तिकडचे मासे मोजाले जाऊन राह्यली." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण पेढा तोंडात घालवला नाही. सरांना फोन केला. "पाह्यलं मी, मेल आली होती," एवढंच म्हणाले.

जाण्याआधी त्यांना भेटायला गेले. ते माझं सरांना शेवटचं पाहणं. मी तिकडे असतानाच सर गेले, म्हणून तो दिवस जरा जपून सांगते.

त्या दिवशी मला व्हिसाच्या कागदांसाठी साकोलीहून पुढं नागपूरला जायचं होतं. आईनं रश्श्याचा डबा दिला होता. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आत नेऊन ठेवला, आणि येताना एक कागद घेऊन आले. सरांना कार्बन घालून लिहायची सवय होती, ही ती खालची प्रत. "वाच," म्हणाले. "तुह्याच संबंधी आहे."

पत्र त्या विद्यापीठाला होतं. तारीख पाहिली. माझी निवड व्हायच्या दोन महिने आधीची होती. शिफारशीचा अर्ज भरला की त्याची एक प्रत शिफारस करणाऱ्याच्या मेलवर जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पट्टी निघाली त्या दिवशी सरांनी पहिलं वाचलं ते तेच.

त्यांनी लिहिलं होतं: "क्रमवारीच्या प्रश्नात पाच टक्क्यांवर झालेली खूण माझी नाही. माझे उत्तर पंचवीस टक्के आहे. माझ्या डोळ्याला पट्टी असल्याने अर्ज विद्यार्थिनीनेच भरला. असे काम तिच्याकडून करून घेणे ही चूक माझी. बाकी पत्र मी शब्दशः तपासले. त्यातली तिच्या विरुद्ध जाणारी वाक्ये तिला सहज गाळता आली असती. तिने एकही गाळले नाही. तिला घ्यावे की नाही हे तुम्ही ठरवावे. मी तुमच्या जागी असतो तर घेतले असते."

खाली विद्यापीठाचं उत्तर टाचलेलं होतं, दोन ओळींचं. आपले पत्र मिळाले, ते अर्जासोबत जोडले आहे, आभार.

म्हणजे विद्यापीठाला सगळं माहीत होतं, आणि तरी त्यांनी मला घेतलं होतं. मी रडायलाच लागले. रडता रडता भांडले. "सर, जागा गेली असती तर?"

"तं गेली असती."

"आणि तुम्हाला काही वाटलं नसतं?"

दारातून काकूच बोलल्या, "वाटलं नसतं म्हनते! पत्र टाकून आले तं दोन महिने धड जेवले नाई वो. रोज सकाळी मोबाइल उघडून पाहत. मी म्हनलं, एवढं होतं तं टाकलं कायले? तं म्हने, पाह्यल्यावर कसं नाई टाकू?"

सर ओशाळून छत्री शोधायला लागले. मी पाया पडले. माफी मागितली, तर म्हणाले, "झालं ते झालं. बस चुकल तुही."

रस्त्यापर्यंत सोबत आले. नागपूरची बस आली. कंडक्टर सरांचाच विद्यार्थी निघाला, एकतीस नंबर. त्यानं वरूनच नमस्कार केला. सर खालून ओरडले, "एकतीस, हे पोरगी लय दूर जाऊन राह्यली. खिडकीची जागा दे तिले."

"सर, गाडी पूर्ण खालीच आहे," तो म्हणाला.

"तरी पन दे," सर म्हणाले. "चांगली आहे ते."